सोमवारपासून दूध नाही

सर्वेश व्रताला बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गौरवीने साईशला अंगावर पाजणं बंद केलं.

घरात हा मुहूर्त कुणालाच पटला नव्हता. शुक्रवारी शिरगावला लईराईची जत्रा होती. गौरवीचा नवरा सर्वेश या वर्षी धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त, झाला होता. जत्रेपर्यंत तो मयेतल्या झरीकाठच्या माटवात, म्हणजे मांडवात, इतर धोंडांबरोबर राहणार होता, त्यांनीच रांधलेलं जेवणार होता आणि घरच्यांना शिवणार नव्हता. एरवी साईश रडू लागला की त्याला खांद्यावर टाकून अंगणात फिरवायचं काम त्याचं. तो घरात नसताना हे कशाला काढतेस, असं सासऱ्यांनी, गोकुळदासांनी, दोनदा विचारून पाहिलं. जत्रा एकदा होऊन जाऊ दे, मग बघू. सासू विनोदिनी, जिला सगळे माई म्हणत, आदोळीवर खोबरं खवत बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त खवण्याचा आवाज थांबला, आणि गौरवीने नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू झाला.

गौरवी याआधी दोनदा थांबली होती, एकदा चतुर्थीसाठी आणि एकदा साईशच्या दाढा येत होत्या म्हणून. तेवढ्या काळात तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी आणखी बेफाम झाली होती. गोळ्या सुरू केल्या त्या यकृताला सोसल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना हात थरथरून खडू मोडायचा, आणि आता नाडी मधूनच चुकू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय एकच होता, किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस. तो ग्रंथीत जाऊन बसतो आणि तिला आतून जाळतो. पण दूध तयार करणारी छातीही आयोडीन तसंच ओढून घेते. म्हणून आधी दूध तुटायला हवं, तुटल्यावर दीड महिना जायला हवा, मग डोस. त्यानंतर काही आठवडे मुलाला कुशीत घेऊन झोपायचं नाही. डिचोलीत उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गौरवीला यातलं काही दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं होतं, ‘‘या महिन्यात सोडवाल ना? आणखी लांबलं तर हृदयावर येईल.’’ आणि ती हो म्हणाली होती.

गेला महिनाभर ती एकेक वेळ कमी करत आली होती. पहाटेचं सुटलं, संध्याकाळचं सुटलं. दुपारी झोपतानाचं आणि रात्रीचं तेवढं राहिलं होतं. रविवारी रात्री तिने साईशला मांडीवर समोरासमोर बसवलं आणि सांगितलं की उद्यापासून दुदू बंद, आई आहे. दोन वर्षं उलटून गेलेल्या त्या मुलाने गंभीरपणे ‘‘बंद’’ म्हटलं, जसं तो पंख्याला म्हणायचा, आणि मग कुर्ता बाजूला सारून पोटभर प्यायला.

सोमवारी दुपारी नणंद आली. सुविधा सर्वेशपेक्षा मोठी, पेडण्यात दिलेली. नवरा आणि सासू गुरुवारी येणार होते, ती जत्रेच्या तयारीसाठी पुढे आली होती. पिशवीतून तिने आधी बेकरीतले उंडे, गोल पाव, काढले, मग स्टीलची एक लहान डबी. डबीत किराइताचा वाटलेला हिरवा लगदा होता.

‘‘बोटभर लाव,’’ ती गौरवीला म्हणाली. ‘‘एकदा तोंड कडू झाला की परत बघूचो नाय. दोन दिवसांत मोकळी होशील.’’

गौरवीने डबी झाकून फळीवर ठेवली. नको म्हणाली. मग सुविधाने दुसरी वाट सुचवली. पोराला ती पेडण्याला घेऊन जाईल, आई चार दिवस डोळ्यांसमोर नसली की पोरं विसरतात, तिच्या दोन्ही मुली अशाच सुटल्या.

‘‘मी त्याका फसवूचंय नाय, ताई,’’ गौरवी म्हणाली. ‘‘डोस घेतल्यावर माका त्याच्यापासून लांब ऱ्हवाक व्हया. तेव्हा मी त्याका सांगतलंय, आई परत येतली. आज दुधात कडू घातलंय तर तेव्हा तो माझा कित्याक खरा मानतलो?’’

‘‘दोन वर्षांच्या पोराक खरा-खोटा कळता?’’

‘‘कडू-गोड कळता मगे.’’

सुविधाने गोकुळदासांकडे पाहून भुवया उंचावल्या. मास्तरणीपुढे कोण बोलणार, असा तो आविर्भाव होता. गोकुळदास वर्तमानपत्रात शिरले.

जेवणं झाल्यावर साईश झोपेला आला आणि आईच्या कुशीत शिरला. ‘‘बंद’’ हा शब्द त्याला आता आठवत नव्हता किंवा आठवूनही चालणार नव्हता. त्याने आधी मागितलं, मग ओढलं, मग जमिनीवर पडून टाचा आपटल्या. गौरवी शेजारी बसून राहिली. उचलायला गेलं की तो हात झटकायचा. घसा बसेपर्यंत रडला तेव्हा माई दारात आली आणि म्हणाली, ‘‘दी हय.’’ त्याला कडेवर घेऊन ती आपल्या खोलीत गेली. दार लागलं. थोड्याच वेळात रडणं थांबलं.

गौरवीने भिंतीला डोकं टेकवलं. इतक्या लवकर? तिला सासूबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली.

*

माईने काही ठरवून केलं नव्हतं. पोर खांद्यावर हुंदके देत होतं, त्याचे ओले गाल तिच्या मानेला लागत होते, आणि खाटेवर बसल्यावर त्याचा हात आपसूक तिच्या चोळीच्या हुकांकडे गेला. हे हुक पुढूनच होते, आईच्या कुर्त्यासारखे अवघड नव्हते. ‘‘हय काय नाय रे पुता,’’ ती म्हणाली. ‘‘सुको झरो.’’ पण हात बाजूला केला नाही. पोराने तोंड लावलं. काही येत नाही हे त्याला लगेच कळलं असणार, एकदा त्याने मान मागे घेऊन तिच्या तोंडाकडे पाहिलंही. मग पुन्हा तोंड लावून डोळे मिटले.

जुन्या बायका असं करीत. सून शेतात गेली की सासू नातवाला धरी. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तरी माईने उठून कडी लावली होती.

तिला किरणांच्या त्या औषधाची भीती वाटत होती. गौरवीने वहीच्या पानावर गळा काढून, ग्रंथी काढून, बाण काढून सगळं समजावलं होतं आणि माईने मान डोलावली होती. तिला त्यातलं एवढंच कळलं होतं की ज्या औषधाने आई लेकराला जवळ घेऊ शकत नाही ते औषध दूध तुटल्याशिवाय देत नाहीत. मग दूध तुटायची घाई कशाला? सर्वेशाला तिने शाळेत जाईपर्यंत पाजलं होतं. बालवाडीतून तो पाटी टाकून पळत यायचा. काय वाईट झालं त्याचं? वीज खात्यात लागला, खांबावर माकडासारखा चढतो.

मंगळवारीही तसंच झालं. बुधवारी साईश रडलाच नाही. जेवण झाल्यावर त्याने आजीचं बोट धरलं आणि तिला खोलीकडे ओढत नेलं. सुविधा भांडी लावता लावता म्हणाली, बघ गौरवी, माझ्या आईच्या हाताला गुण आहे. सुनेला मदतच होते आहे, असं माई स्वतःला सांगत होती.

*

माटव झरीपासून हाकेच्या अंतरावर होता. बांबूंवर माडाची झावळं, पुढे चुली, एका बाजूला दोरीवर वाळत घातलेली धोतरं. बुधवारी संध्याकाळची आंघोळ आटोपून सर्वेश ओल्या केसांनी तांदूळ निवडत होता. रस्त्याकडेला गौरवी साईशला घेऊन उभी दिसली तेव्हा तो उठला आणि मध्ये दोन माणसांचं अंतर ठेवून उभा राहिला. नवस त्याने तिच्या गळ्यासाठी बोलला होता. ती लवकर बरी होऊ दे, पाच वर्षं धोंड होईन. बोलताना घरात त्याच दिवसांत आपली किती गरज पडेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता तिचा सुकलेला चेहरा बघताना दुसरं काही येत नव्हतं.

ती सांगत होती की दुपार सोपी झाली, माईंकडे जातो आणि झोपतो. रात्री मात्र कमी होण्याऐवजी वाढतं आहे. दुसऱ्या रात्री पहिल्यापेक्षा जास्त रडेल का कुणी? दुपारची सवय सुटत असेल तर रात्रीचीही थोडी सुटायला हवी. हे जुळत नाही.

‘‘तू काय प्रयोगशाळेत आसंस?’’ तो म्हणाला. ‘‘पोर आसा तो.’’

‘‘पोर आसा म्हणूनच. तेका नियम कळतत.’’

सर्वेश हसला. ‘‘माईन माका शाळेत जायसर पाजल्यान. बंद करणाऱ्यातली ती न्हय. तिका कसा जमला म्हणतंय मी.’’

गौरवीने त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात साईश तिच्या हातातून निसटला आणि ‘‘बाबा’’ करत धावला. चुलीपाशी बसलेले बाबुराव, त्यांच्या माटवातले सगळ्यात जुने धोंड, हात वर करून त्याला थांबवायला उठले. मुलगा जागच्या जागी थबकला. ओठ वाकडे झाले. त्याच्यासाठी अलीकडे प्रत्येक गोष्ट बंद होत होती.

सर्वेशने दोन पावलं टाकून त्याला उचललं.

‘‘जा, आता परत न्हाव,’’ बाबुराव म्हणाले. रागावले नव्हते. शिवाशीव झाली की पुन्हा झरीत उतरायचं, एवढाच नियम होता.

‘‘मी घरी येतंय,’’ मुलाच्या केसांत तोंड खुपसून सर्वेश म्हणाला. ‘‘व्रत पुढल्या वर्षी करीन. देवी समजून घेतली.’’

‘‘नको,’’ गौरवी म्हणाली. ‘‘तू अर्ध्यावर सोडलंस तर घरात सगळ्यांका वाटतला, सोडूक येता. मगे माका पण सोडूक लावतले.’’

ती मुलाला घेण्यासाठी पुढे झाली. सर्वेशने तिला शिवू नये म्हणून साईशला जमिनीवर उभं केलं, आणि ती त्याचं बोट धरून चढणीला लागल्यावर पुन्हा झरीकडे गेला.

*

गुरुवारी सुविधाचा नवरा सुधीर आपल्या आईला गाडीतून घेऊन आला. कमलबाय जाडजूड, मोकळ्या तोंडाच्या. उंबऱ्यातूनच त्यांनी घराची, उन्हाची आणि विहीणबाईंच्या तब्येतीची विचारपूस केली. घरातला माणूस व्रताला, म्हणून स्वयंपाक शिवराक, बिनमासळीचा, होता. वालीची भाजी, तोंडाक, सोलकढी, खीर. सुविधा वाढत होती. आपल्या सासूसमोर माहेरचं जेवण नीट व्हावं एवढीच तिची इच्छा होती, आणि सोलकढीपर्यंत ते नीट झालंही.

साईश गौरवीजवळ बसून वरणभात खात होता. अर्ध्यावर त्याला झोप आली. तो उठला, पानांमधून वाट काढत माईपाशी गेला, तिच्या मांडीवर चढला आणि पदराखाली हात घालून चोळीचा हुक ओढू लागला.

‘‘आजीचो दुदू,’’ तो म्हणाला. स्पष्ट. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे खोलीकडे बोट दाखवलं.

सुधीरने ताटात मान घातली. गोकुळदासांचा घास हातात राहिला. कमलबायनी एकदा मुलाकडे, एकदा माईकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

‘‘विहीणबाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमची दुकानां कधीच बंद झाली. तुमचा अजून उघडा आसा?’’

माईने पदर ओढून घेतला. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. सुविधाने आपल्या आईला असं कधी पाहिलं नव्हतं. सासूसमोर शोभा झाली म्हणून तिला राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. तिने सोलकढीचं भांडं खाली ठेवलं.

‘‘म्हणजे दुपारी तू ह्या करतंस,’’ ती म्हणाली. ‘‘दार लावून.’’

‘‘काय येता थोडाच त्यात? पोर शांत होता.’’

‘‘गौरवी तीन रात्री बसून काढता. आणि तू दुपारी तेका परत शिकवतंस.’’

गोकुळदास म्हणाले की पाहुण्यांसमोर हे नको, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. सुधीरनेही बायकोला डोळ्यांनी गप्प केलं. सुविधा गप्प झाली नाही.

‘‘सर्वेशाक व्हया होता तेव्हा चालला, साईशाक व्हया तेव्हा चालता,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ‘‘आणि माका वर्षाची व्हायच्या आधी किराईत लावलंस, मगे. सर्वेश पोटात होतो म्हणून.’’

‘‘तुझ्या आजीन वाटल्यान ता. मी नाय.’’

‘‘वाटल्यान तिना. लावलेला तुझ्याच अंगाक.’’

कमलबाय बोटाने मीठ चाळवत राहिल्या. सुविधाला त्या कडूची आठवण असणं शक्य नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मोठी झाल्यावर आजीनेच ती गंमत म्हणून सांगितली होती, कसं तोंड वाकडं केलंस, कशी आवयकडे बघत राहिलीस. प्रत्येक वेळी सगळे हसायचे. आपल्या दोन्ही मुलींना तिने तसंच सोडवलं, कारण दुसरं काही असतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

माई उठली. साईशला गोकुळदासांकडे देऊन तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरून स्टीलची डबी काढली. ‘‘मी लावतंय,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या हातून झाला, मीच तोडतंय. आजच तुटतला.’’

झाकण काढायच्या आधी सुविधाने तिच्या हातून डबी घेतली, मागच्या दारी गेली आणि लगदा केळीच्या आळ्यात पालथा केला. मग रिकामी डबी कितीतरी वेळ घासत बसली.

*

गौरवी या सगळ्यात बोलली नव्हती. आधी तिला राग आला होता, इतका की बोटं वरणभातात तशीच थांबली. मग तिचं डोकं काम करू लागलं. सासूच्या कोरड्या छातीला तोंड लावल्याने आपलं दूध वाढत नाही. उपचाराच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं. रात्रीचं कोडंही सुटलं होतं. दुपारी मागितलं की मिळतं, रात्री मागितलं की मिळत नाही, म्हणून रात्री तो आणखी जोराने मागत होता. ती त्याच्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं.

असंच चालू द्यावं का, हाही विचार तिने केला. डोस घेऊन ती माहेरी, इब्रामपूरला राहणार तेव्हा पोराला आजीचा आधार होईल. विचार सोयीचा होता. पण मग कडी लागलेल्या खोलीत काय होतं ते एक आणि बाहेर आई सांगते ते दुसरं, हे त्याने शिकलेलं राहील. तिने हात धुतले आणि माईसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘माई, आज दुपारी मी पण येतंय. दोघीय तेका सांगूया.’’

‘‘तू सांग. मी बाहेर बसतंय.’’

‘‘माझा सांगून झाला. आता तुमचा त्याने ऐकाक व्हया.’’

माईच्या खोलीत जमिनीवर शेंदरी, म्हणजे चटई, अंथरली होती. गौरवीने दार उघडंच ठेवलं. साईश आजीच्या मांडीवर चढला, हुकांना हात घातला आणि नेहमीसारखं होत नाही म्हणून वर पाहिलं. माईने गौरवीकडे पाहिलं. गौरवी तिला मदत करणार नव्हती.

‘‘आई काय सांगता बघ,’’ माई म्हणाली.

साईशने आईकडे पाहिलंच नाही. आईचं काय म्हणणं असतं हे त्याला माहीत होतं.

माईने त्याचा हात धरून आपल्या हातात घेतला. आयुष्यात तिने या मुलाला, किंवा त्याच्या बापाला, कशालाही नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं काम आधी सासूचं होतं, मग नवऱ्याचं, मग मास्तरांचं.

‘‘नाय पुता,’’ ती म्हणाली. ‘‘आजीचो पण बंद. आजी आसा.’’

त्याने तिच्या छातीवर चापट मारली. मग दुसरी, जोरात. माईने मान फिरवली नाही. मग तो आईकडे आला, तिच्याकडूनही तेच ऐकलं, परत आजीकडे गेला. दोघींमध्ये तो असा बऱ्याच वेळा फिरला. प्रत्येक वेळी एकीने नाही म्हटल्यावर दुसरीचं तोंड न्याहाळायचा, कुठे फट दिसते का ते. मग त्याने शेंदरीवर अंग टाकलं आणि रडायला सुरुवात केली.

गोकुळदास दारात येऊन उभे राहिले. स्कूटरवरून तळ्यापर्यंत फिरवून आणतो, बदकं दाखवतो, म्हणाले. गौरवी उत्तर देण्याआधीच माई बोलली.

‘‘नको. आमी आसंव हय.’’

ते गेले. रडणं वाढलं, उतरलं, पुन्हा वाढलं. गौरवीने एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने झटकला. माईने ठेवला, तोही झटकला. दोघी तशाच बसून राहिल्या. माईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. शेवटी त्याने उठून पाण्याचा पेला मागितला, तो आईच्या हातून प्यायला, आणि दोघींकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. हुंदके लांब लांब येऊ लागले. मग श्वास एका लयीत लागला. कुणाच्या अंगाला न टेकता तो पहिल्यांदाच झोपला होता.

गौरवीने खाली पाहिलं तर तिचा कुर्ता पुढून भिजला होता. रडणं ऐकलं की दूध आपोआप उतरतं, मनाने कितीही ठरवलं तरी. चार दिवस न पाजल्याने छाती दगडासारखी झाली होती आणि काखेपर्यंत ठणकत होती. थोडं हाताने पिळून काढायचं, जास्त नाही, म्हणजे शरीराला कळतं की आता गरज नाही. हे तिला ठाऊक होतं. ठणका ठाऊक असल्याने कमी होत नव्हता.

माईने ते पाहिलं. ती उठून बाहेर गेली.

पडवीत सुविधा आणि कमलबाय लईराईला न्यायची मोगरीची माळ ओवत बसल्या होत्या. केळीच्या पानावर सकाळी काढलेल्या कळ्यांचा ढीग होता. गौरवीला आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. माईने ओंजळ भरून घेतली असावी, कारण कमलबाय म्हणाल्या की अगो, ही देवीची आसत. माई म्हणाली, देवीक उद्या आणखी फुलतली. मग सुविधाचा आवाज आला, ‘‘एवढ्यान काय होता? ही पण घी.’’

माई परत आली तेव्हा तिच्या ओच्यात मोगरीच्या कळ्या होत्या आणि हातात धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची लांब पट्टी. तिने या वेळी दार लावलं, आतल्या बाजूने नुसतं लोटून.

‘‘माझ्या आवयन सांगलेला,’’ ती म्हणाली. ‘‘दूद सुकता. तुमच्या पुस्तकात नसतला.’’

‘‘आसा,’’ गौरवी म्हणाली. ‘‘कोणी तरी करून बघलेला आसा.’’

माईला ते ऐकून काय वाटलं ते तिने दाखवलं नाही. गौरवीने कुर्ता उतरवला आणि पाठमोरी बसली. कळ्या थंड होत्या. माईने त्या दोन्हीकडे सारख्या पसरल्या, वरून पट्टी धरली, काखेखालून घेतली, पाठीवर ओढली, पुन्हा पुढे आणली. तिचे हात या कामात सरावलेले होते. भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या साईशने झोपेतच एकदा हुंदका दिला. दोघी थांबल्या. तो हलला नाही.

माईने पाठीवर पहिली गाठ मारली. गौरवीचा श्वास अडकलेला तिच्या बोटांना कळला.

‘‘सैल करू?’’

‘‘नको,’’ गौरवी म्हणाली. ‘‘अशीच ऱ्हवांदी.’’

माईने दुसरी गाठ मारली.